शोधानंतरची राखण



विज्ञानावर बोलायला कोणी उभं राहिलं की शोधांच्या जन्मकथा ऐकायला मिळतील, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी आज तीन गोष्टींविषयी बोलणार आहे: किरणोत्साराची नोंद ठेवणारी एक पांढरी भुकटी, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं एक खनिज, आणि जमिनीतल्या जिवाणूतून कपाशीत आलेलं एक जनुक. या तिन्हींचं नागपूरशी जवळचं नातं आहे. अमरावती रोडवरचा विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग, नेहरू मार्गावरची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, आणि वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था या ठिकाणी अशा विषयांवर काम करण्यात कित्येकांची हयात गेली. तरीही माझा भर जन्मकथांवर नाही. शोध प्रयोगशाळेबाहेर पडल्यावर पुढची वीस-तीस वर्षं त्याच्याकडे कोणी लक्ष ठेवलं, कोणी मोजमाप केलं आणि कुठे ते सुटलं, हा आजचा विषय आहे.

पऱ्हाटी लावून घरी आलं की काम झालं, असं विदर्भातला कोणताही शेतकरी म्हणणार नाही. रानडुकरं आणि रोही यांच्यासाठी रात्री जागल करावी लागते. पेरणी साधूनही राखण चुकली तर घरात काही येत नाही. विज्ञानाच्या बाबतीत मात्र आपण पेरणीचा सोहळा करतो आणि जागलीसाठी माणूस नेमायला विसरतो.

१. छातीवरचा बॅज

आपण क्ष-किरण काढायला जातो तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाच्या छातीवर प्लॅस्टिकचा एक छोटा बॅज असतो. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. आत अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी आणि तिच्यावर तीन पांढऱ्या चकत्या असतात. चकत्या टेफ्लॉनच्या असून त्यात कॅल्शियम सल्फेटची भुकटी मिसळलेली असते. जिप्सममधलं पाणी पूर्ण काढून टाकलं की उरतं तेच हे कॅल्शियम सल्फेट. त्यात डिस्प्रोशियम नावाचं दुर्मीळ मृदा मूलद्रव्य अगदी अल्प, हजारात एखाद्या अणूइतकं घातलेलं असतं. ही भेसळ मुद्दाम केलेली आणि मोजून मापून केलेली असते, कारण पदार्थाची सगळी करामत तिच्यातच आहे.

क्ष-किरण किंवा गॅमा किरण स्फटिकात शिरले की काही इलेक्ट्रॉन जागचे सुटतात. त्यांतले काही परत येण्याआधी स्फटिकातल्या दोषांपाशी अडकून पडतात. नेहमीच्या तापमानाला तिथून निघण्याइतकी ऊर्जा त्यांना मिळत नाही, त्यामुळे ते महिनोन्महिने तसेच राहतात. पदार्थ सव्वादोनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवला की ते सुटतात, ती ऊर्जा डिस्प्रोशियमपर्यंत पोचते आणि त्यातून प्रकाश बाहेर पडतो. जितके किरण शोषले गेले असतील, तितका प्रकाश जास्त. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेल्या वाचकयंत्रात चकत्या तापवण्यासाठी गरम नायट्रोजनचा झोत वापरतात आणि निघालेला मंद प्रकाश प्रकाशगुणक नळीने मोजतात. या क्रियेला थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात.

चकत्या तीनच का, असं कोणी विचारेल. मानवी शरीर हलक्या मूलद्रव्यांचं बनलेलं आहे. कॅल्शियम आणि गंधक त्यामानाने जड. त्यामुळे कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांना ही भुकटी शरीरापेक्षा कितीतरी जास्त, सुमारे दहापट प्रतिसाद देते. ते आकडे तसेच घेतले तर दवाखान्यातला प्रत्येक तंत्रज्ञ धोक्यात आहे असं वाटेल. म्हणून एका चकतीवर तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमचं आवरण, दुसरीवर प्लॅस्टिक आणि तिसरी उघडी अशी रचना केली. तिन्हींच्या आकड्यांच्या गुणोत्तरावरून किरण कोणत्या प्रकारचे आणि कोणत्या ऊर्जेचे होते याचा अंदाज येतो, आणि मग खरी मात्रा ठरते. पदार्थातली उणीव लपवण्याऐवजी तिचाच मोजमापासाठी उपयोग करून घेतलेला हा एक देखणा नमुना आहे.

या पदार्थांच्या अभ्यासात विदर्भाचा वाटा मोठा आहे. नागपूर विद्यापीठात एस. व्ही. मोहरील आणि पुढे एस. जे. ढोबळे, अमरावती विद्यापीठात एस. के. ओमनवार अशा प्राध्यापकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सल्फेट, फॉस्फेट, फ्लोराइड अशा कितीतरी संयुगांत वेगवेगळी मूलद्रव्यं घालून त्यांची दीप्ती तपासली. या कामासाठी अवाढव्य यंत्रं लागत नाहीत. लागते ती चांगली भट्टी, शुद्ध रसायनं, अचूक तराजू आणि त्याच कृतीने त्याच गुणाचा पदार्थ पुन्हा पुन्हा करून दाखवण्याची चिकाटी. मर्यादित पैशांत चालणाऱ्या विद्यापीठांतून जागतिक दर्जाचं काम होऊ शकतं, याचं हे आपल्या दारातलं उदाहरण आहे.

पण बॅजचं खरं यश त्याच्या मागच्या व्यवस्थेत आहे. बहुतेक ठिकाणी दर तीन महिन्यांनी बॅज बदलला जातो, वाचला जातो आणि आकडा त्या व्यक्तीच्या नावावर जमा होतो. नोकरी बदलली तरी तिची नोंद पुढे चालू राहते. प्रत्येक संस्थेत एक नियंत्रण बॅज किरणांपासून दूर ठेवावा लागतो, म्हणजे निसर्गातून येणारा हिस्सा वजा करता येतो. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार किरणोत्सारी कामातल्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. सर्वसामान्य माणसासाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. आकडा जास्त आला की चौकशी होते. कधी बॅज चुकून क्ष-किरणांच्या खोलीत राहिलेला असतो, तर कधी काम करण्याची पद्धतच चुकीची असते. दोन्ही उलगडतात, कारण कोणीतरी तो आकडा वाचलेला असतो.

ही व्यवस्था जिथे पोचत नाही तिथे काय होतं, ते २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिसलं. एका विद्यापीठात अनेक वर्षं वापराविना पडलेलं कोबाल्ट-६० चं उपकरण लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. अनेकांना इजा झाली आणि एकाचा जीव गेला. आंतरराष्ट्रीय श्रेणीत ही घटना चौथ्या पातळीची ठरली. ते उपकरण आलं तेव्हा त्याचं कौतुक झालंच असेल. ते निवृत्त झालं तेव्हा त्याची जबाबदारी कोणाची, हे कोणत्याही वहीत ठळक लिहिलेलं नव्हतं.

२. हवेतून ऑक्सिजन

आता वायूंकडे येतो. कोरोना महामारीतली २३ एप्रिल २०२१ ची संध्याकाळ नागपूरकर विसरणार नाहीत. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातून द्रव ऑक्सिजनचे टँकर घेऊन निघालेली देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस आपल्या स्थानकावर आली. सातपैकी तीन टँकर इथे उतरले, उरलेले चार नाशिकला गेले. बंगालच्या उपसागराच्या काठावरून ऑक्सिजन मागवायची वेळ आलेल्या शहराभोवतीच्या हवेत तो २१ टक्के होताच. प्रश्न तो वेगळा काढण्याचा होता.

मोठे कारखाने हवा थंड करून तिचं द्रवात रूपांतर करतात. नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ अंशांना, आणि या तेरा अंशांच्या फरकावर ते वेगळे होतात. दुसरी वाट पीएसए संयंत्रांची, म्हणजे दाब कमी-जास्त करून वायू शोषून घेण्याची. दोन टाक्यांत झिओलाइटच्या गोळ्या भरतात. दाबाखालची हवा एका टाकीतून सोडली की नायट्रोजन गोळ्यांत धरला जातो आणि ऑक्सिजन पुढे जातो. ती टाकी भरत आली की हवा दुसरीत वळवतात आणि पहिलीचा दाब उतरवून नायट्रोजन सोडून देतात. हा खेळ दिवसरात्र चालू राहतो.

झिओलाइटला रेणूंची चाळणी म्हणतात, त्यामुळे लहान रेणू जातो आणि मोठा अडतो असा समज होतो. इथे तसं नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंचे आकार जवळपास सारखेच आहेत आणि झिओलाइटच्या छिद्रांतून दोघेही आत जातात. फरक पडतो तो विद्युतभाराच्या मांडणीमुळे. झिओलाइटच्या पोकळीत सोडियम किंवा लिथियमचे धनभारित आयन बसलेले असतात. नायट्रोजनच्या रेणूतली भाराची विषम मांडणी ऑक्सिजनपेक्षा जास्त ठळक असल्याने या आयनांची पकड त्याच्यावर घट्ट बसते. सोडियमच्या जागी लिथियम बसवला की पकड आणखी वाढते. हवेतला सुमारे एक टक्का आर्गॉन मात्र ऑक्सिजनसारखाच वागतो आणि त्याच्याबरोबर बाहेर पडतो. म्हणून अशा संयंत्रातून साधारण ९३ ते ९५ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळतो, आणि रुग्णासाठी तो पुरेसा असतो.

त्याच एप्रिलमध्ये मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक मिलिंद अत्रे आणि सहकाऱ्यांनी एक सोपा वाटणारा पण अचूक प्रयोग केला. उद्योगांत नायट्रोजन बनवणारी पीएसए संयंत्रं देशात भरपूर आहेत. त्यातली कार्बनची चाळणी काढून झिओलाइट घातलं आणि प्रक्रियेत योग्य ते बदल केले. साडेतीन वातावरण दाबाला ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळाला. मूळ तत्त्व १९५०-६० च्या दशकांतलं. नव्याने काही शोधण्यापेक्षा हाताशी असलेलं नीट जाणणं त्या महिन्यात जास्त उपयोगी पडलं.

झिओलाइट ही आपल्या मातीचीच वस्तू आहे. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या बेसॉल्टची आहे, त्याच दख्खनच्या लाव्हाखडकांतल्या पोकळ्यांत पुणे, नाशिक, जळगावच्या परिसरात झिओलाइटचे इतके सुंदर स्फटिक सापडतात की जगभरच्या संग्रहालयांत ते दिसतात. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय त्यासाठीच ओळखलं जातं. उद्योगात वापरतात ते झिओलाइट मात्र कारखान्यात तयार करतात, आणि इथे नागपूरचा प्रवेश होतो. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतून निघणाऱ्या राखेत मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असतं. झिओलाइटचा सांगाडाही त्यांचाच. नीरीमध्ये साधना रायलू आणि सहकाऱ्यांनी ही राख कॉस्टिक सोड्याबरोबर तापवून, पाण्यात मुरवून तिच्यापासून झिओलाइट तयार केलं. त्यात ऑक्सिजन संयंत्रांत वापरतात त्या फॉजासाइट घराण्याचं झिओलाइटही होतं. हे काम महामारीच्या वीस वर्षं आधीचं. राखेचे ढीग शेताशिवारावर उडतात म्हणून आपण बोलतो ते योग्यच आहे, पण त्या राखेचं काय होऊ शकतं याचं उत्तर याच शहरात शोधलं गेलं, हेही सांगायला हवं.

महामारीनंतर पीएम केअर्समधून देशभर १,२२४ पीएसए संयंत्रं मंजूर झाली आणि बहुतेक उभीही राहिली. फीत कापायला सगळे होते. पण झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाण्याचं आकर्षण कितीतरी जास्त असतं. संयंत्र बंद पडून राहिलं आणि झडपेतून दमट हवा आत गेली, किंवा कॉम्प्रेसरचं तेल गोळ्यांपर्यंत पोचलं, की नायट्रोजन धरण्याची ताकद घटते. बाहेरून टाकी तशीच दिसते, काटाही दाब दाखवतो, पण ऑक्सिजनची शुद्धता उतरलेली असते. ती कळते फक्त मापकाने, आणि मापक लावून आकडा वहीत लिहिणारा माणूस असेल तरच. २७ डिसेंबर २०२२ ला देशभरच्या रुग्णालयांत रंगीत तालीम झाली आणि तीत ही संयंत्रंही तपासली गेली, हे चांगलंच झालं. पण वर्षातून एकदा होणाऱ्या तालमीने नाटक उभं राहत नाही, हे नागपूरच्या नाट्यरसिकांना मी काय सांगणार!

३. बोंडातला जिवाणू

तिसरी गोष्ट आपल्या सगळ्यात जवळची, आणि सगळ्यात महागात पडलेली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत राहणारा जिवाणू. जपानमध्ये १९०१ साली इशिवाता यांना तो आजारी रेशीमकिड्यांत दिसला, पुढे जर्मनीतल्या थुरिंजियात बर्लिनर यांना पिठातल्या अळीत सापडला आणि त्या प्रदेशाचं नाव त्याला मिळालं. हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो. अळीच्या आतड्यात ते विशिष्ट जागी चिकटतं, भिंतीला छिद्रं पाडतं आणि अळी मरते. १९८१ मध्ये त्याचं जनुक वेगळं काढता आलं. पुढे ते कपाशीत घातलं गेलं. जालन्याच्या महिको कंपनीने मोन्सॅंटोबरोबर आणलेल्या बीटी कपाशीला २६ मार्च २००२ रोजी भारतात मंजुरी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांची बीजी-२ आली.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. हिरव्या बोंडअळीसाठीच्या फवारण्या बऱ्याच कमी झाल्या. पण कोणत्याही विषाला किडे हळूहळू सरावतात, हे शास्त्रज्ञांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून नियम केला की बीटीच्या भोवती नॉन-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांत जे जास्त असेल तेवढं लावायचं. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं नॉन-बीटी पाकीट त्यासाठीच दिलं जाई. तर्क असा: बीटीवर तगलेला एखादा पतंग नॉन-बीटीवर वाढलेल्या शेकडो साध्या पतंगांपैकी एकाशी जोडीला लागेल. त्यांच्या पिल्लांत प्रतिकाराचं जनुक एकेरी राहील आणि ती पिल्लं बीटीवर मरतील. प्रतिकार दबून राहील.

प्रत्यक्षात ती पाकिटं धुऱ्यावर फेकली गेली, नाहीतर घरात राहिली. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. ज्याच्याजवळ चार एकर कोरडवाहू शेत आहे, त्याने त्यातला पाचवा हिस्सा अळीला खायला सोडावा, असं आपण त्याला सांगत होतो. त्याचा फायदा सगळ्या गावाला होणार होता आणि नुकसान त्याच्या एकट्याचं. त्या हिश्शाची भरपाई कोण देणार, हे नियमात कुठेही नव्हतं.

अळी सरावण्याची इतर कारणंही होती. आपल्याकडे बीटी कपाशी जवळजवळ सगळी संकरित. संकरित झाडावरच्या बोंडांत सगळ्या सरक्या सारख्या नसतात, काहींत बीटीचं जनुक असतं आणि काहींत नसतं. कपाशीवरची दुसरी कीड, गुलाबी बोंडअळी, सरकीच खाते. त्यामुळे एकाच बोंडात तिला कमी-जास्त विषाचे घास मिळत गेले आणि सरावायला सोय झाली. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक केशव क्रांती हे कारण सातत्याने मांडत आले. शिवाय आपल्या संकरित वाणांचा हंगाम लांब, आणि त्यावर फरदड. डिसेंबरनंतरही शेतात उभी असलेली पऱ्हाटी आणि जिनिंगच्या आवारात साठलेला कापूस म्हणजे या अळीची वर्षभराची सोय. २०१० मध्ये गुजरातच्या काही जिल्ह्यांत पहिल्या जनुकाला तिने दाद दिली नसल्याचं जाहीर झालं. पुढच्या काही वर्षांत दुसरंही जनुक निकामी ठरलं, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात डोमकळ्या आणि किडकी बोंडंच हाती आली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले.

आपल्या शहरातली आणखी एक घटना इथे सांगायला हवी. बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागू नये म्हणून कापूस संशोधन संस्था आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाने बिकानेरी नरमा या सरळ वाणात बीटी जनुक आणलं. २००९ मध्ये ते शेतकऱ्यांपर्यंत पोचलं. त्यात मोन्सॅंटोचं जनुक मिसळल्याचं आढळलं, विक्री थांबली, चौकशीसाठी सोपोरी समिती नेमली गेली. हेतू उत्तम होता. बियाण्याच्या प्रत्येक पिढीची काटेकोर तपासणी कमी पडली, आणि सरकारी संशोधनावरचा विश्वास पुढची कित्येक वर्षं मागे गेला.

उलट बाजूही आहे. हीच गुलाबी अळी अमेरिकेतून संपल्याचं २०१८ मध्ये तिथल्या कृषी खात्याने जाहीर केलं. त्यांनी बीटी कपाशी, कामगंध सापळे, वेळेवर पिकाचा शेवट आणि वंध्य पतंग यांची सांगड घातली. पतंग कारखान्यात वाढवायचे, कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी वंध्य करायचे आणि विमानातून शेतांवर सोडायचे. जंगली पतंगाची जोडी वंध्य पतंगाशी लागली की पिढी तिथेच थांबते. मायापुरीत ज्याने जीव घेतला तोच कोबाल्ट तिथे शेतकऱ्याच्या कामी आला. फरक एवढाच की प्रत्येक सापळ्यातले पतंग कोणीतरी मोजत होतं आणि पुढच्या आठवड्याचं काम त्या आकड्यावरून ठरत होतं. आपल्याकडची छोटी शेतं आणि तिथली विस्तीर्ण शेतं यांत अंतर आहे, त्यामुळे तीच योजना जशीच्या तशी इथे बसणार नाही. मोजण्याची शिस्त मात्र कुठेही बसवता येते.

४. राखणदार कोण?

श्रोतेहो, तीन गोष्टींचा हिशेब असा. बॅजच्या बाबतीत मोजमाप कायद्याने बांधलं, त्यासाठी माणसं आणि यंत्रं नेमली, म्हणून व्यवस्था उभी राहिली. ऑक्सिजनच्या बाबतीत संयंत्रं आली, पण त्यांची दैनंदिन देखभाल प्रत्येक रुग्णालयाच्या ऐपतीवर सोडली गेली. कपाशीच्या बाबतीत राखण सगळ्यात गरीब घटकाच्या गळ्यात टाकली आणि तिचा खर्च कोणी उचलला नाही. विज्ञान तिन्ही ठिकाणी बरोबर होतं. निकाल वेगवेगळे लागले.

मोजमापाचं काम कंटाळवाणं आहे, त्यातून नवं ज्ञान मिळत नाही, असं काही संशोधक मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. गुलाबी अळी सरावते आहे हे वर्षानुवर्षं तिची सहनशक्ती मोजणाऱ्यांनाच कळलं. कल्पनाशक्तीने ते कोणालाच कळलं नसतं. बॅजच्या तीन चकत्यांची रचनाही आकडे जुळत नाहीत म्हणून हैराण झालेल्या माणसांनीच केली.

म्हणून या शहरासमोर तीन सूचना ठेवतो. पहिली: प्रत्येक संशोधन प्रकल्पाच्या आणि उपकरणाच्या मंजुरीतच पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा आणि मोजणीचा खर्च लिहावा. तो लिहिलेला नसेल तर उद्घाटनाची तारीख देऊ नये. दुसरी: नागपूर-अमरावतीच्या विज्ञान महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्यातल्या संयंत्रांची शुद्धता, शेतातल्या सापळ्यांतले पतंग आणि आपल्याच प्रयोगशाळांतल्या जुन्या किरणोत्सारी वस्तूंची यादी, ही कामं पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत घ्यावीत आणि आकडे सर्वांना उघडे ठेवावेत. तिसरी विद्यापीठासाठी: सलग पंधरा वर्षांची विश्वासार्ह मोजणी सादर करणाऱ्याला नवा पदार्थ शोधणाऱ्याइतकंच श्रेय मिळावं, पदोन्नतीतही आणि पुरस्कारांतही.

मँगनीजच्या खाणींतून कमावलेली संपत्ती डी. लक्ष्मीनारायण यांनी विद्यापीठाला दिली आणि त्यातून १९४२ मध्ये या शहरात तंत्रज्ञानाची संस्था उभी राहिली. इमारत आणि यंत्रं यांच्यासाठी देणगी देणारे पुढेही भेटतील. एका तंत्रज्ञाचा पगार, एका मापकाची दरवर्षीची तपासणी आणि एका वहीचा खर्च यांसाठी देणगी द्यायला कोणी पुढे येईल का, असं मी आज या सभागृहात विचारतो आहे. त्या देणगीवर कोणाचं नाव कोरता येणार नाही, फीतही कापता येणार नाही. पण पुढच्या वेळी ऑक्सिजन लागेल किंवा अळी सरावेल, तेव्हा ते आपल्याला वेळेवर कळेल.